जुनी डिझेल गाडी सकाळी स्टार्ट घेत नाही? पंप-नोझल उघडायच्या आधी हे बघा

माझी गाडी २०१२ ची डिझेल सेदान. मी सेकंडहँड घेतली तेव्हा १ लाख ४० हजार किलोमीटर झालेले होते, आता काटा २ लाख ७५ हजारच्या पुढे गेलाय. निफाड तालुक्यातलं गाव, रोजचं नाशिक नाहीतर पिंपळगावचं मार्केट, महिन्यातून एखादवेळी पुणे, एवढी तिची धाव. गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही, पण एक दुखणं असं आहे की ते दर दीड-दोन वर्षांनी परत येतं, आणि ते म्हणजे स्टार्ट होताना त्रास देणं. माझ्या गाडीला हे चार वेळा झालं, चारही वेळा कारण वेगळं निघालं. शिवाय मेहुण्याची, चुलत भावाची आणि गावातल्या आणखी चार-पाच जणांच्या गाड्या मी याच कामासाठी बघितल्यात. पहिल्या वेळी मला कोणी नीट सांगितलं असतं तर माझे बरेच पैसे वाचले असते, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी लक्षणं सांगतो, कारण 'गाडी स्टार्ट होत नाही' एवढंच सांगून कोणालाच काही कळत नाही.

एक प्रकार असा की गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ चांगला जोरात फिरतो पण इंजिन घेत नाही, आठ-दहा सेकंद नुसतं फिरत राहतं, मग एक-दोन उचक्या देऊन चालू होतं, आणि त्यानंतर दिवसभर अर्ध्या किल्लीत स्टार्ट. दुसरा प्रकार, चालू होते लगेच पण पहिला अर्धा मिनिट सगळी गाडी थरथरते आणि मागून पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर येतो, आणि हे फक्त थंडीत. तिसरा प्रकार याच्या बरोबर उलटा, सकाळी गार असताना झटक्यात चालू, पण चाळीस किलोमीटर चालवून चहाला थांबलो आणि पंधरा मिनिटांनी परत किल्ली फिरवली की मग हट्टाला पेटते. चौथा प्रकार म्हणजे सेल्फच जड फिरतो नाहीतर नुसता टक-टक आवाज येतो. आणि पाचवा, चालता चालता झटके देऊन बंद पडते आणि मग बराच वेळ सेल्फ मारावा लागतो.

यातला तुमचा प्रकार कोणता ते ठरवल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. आठवडाभर मोबाईलमध्ये लिहून ठेवा, गाडी किती तास उभी होती, इंजिन गार होतं का गरम, टाकीत डिझेल किती होतं, गाडीचं तोंड चढाकडे होतं का उताराकडे, सेल्फ किती सेकंद मारावा लागला. ही वही म्हणजे अर्धं निदान आहे, आणि यातला चढ-उताराचा मुद्दा का ते पुढे सांगतो.

आमचं अंगण रस्त्याकडे उतरतं. गाडी मी नेहमी नाक घराकडे करून लावायचो, म्हणजे तोंड वर आणि मागची बाजू खाली. पहिल्यांदा त्रास सुरू झाला तेव्हा गॅरेजमध्ये नेली, तिथे गाडी चालवतच नेल्यामुळे अर्थातच एका किल्लीत स्टार्ट होत होती. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, पंप वीक झाला, नोझल पण काढावे लागतील, तीस-पस्तीस हजार धरून चला." नोझल म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर, आणि पंप म्हणजे त्यांना दाबाने डिझेल देणारा. मी नोझल काढून चेक करायला दिले, त्यातच साडेचार हजार गेले आणि त्रास होता तसाच राहिला. मग बहिणीकडची मंडळी मुक्कामाला आली, त्यांच्या गाडीला जागा करायची म्हणून रात्री मी माझी गाडी उलटी लावली, तोंड रस्त्याकडे, उताराला. सकाळी एका सेकंदात चालू! मला आधी वाटलं योगायोग असेल. दुसऱ्या रात्री मुद्दाम तशीच लावली, परत एका सेकंदात. तिसऱ्या रात्री नाक वर केलं की परत दहा सेकंद. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की पंप-नोझल ठीक आहेत, रात्रीतून डिझेल उलटं टाकीकडे जातंय.

सेदानची टाकी मागे असते. गाडीचं तोंड चढाकडे असलं की टाकी इंजिनापेक्षा खाली जाते, आणि लाइनमध्ये कुठे बारीकशी जरी फट असेल तरी तिथून हवा आत शिरते आणि पाइपातलं डिझेल हळूहळू मागे सरकतं. सकाळी सेल्फ मारला की आधी ती हवा निघायला पाहिजे मग डिझेल पोचणार. तोंड उताराकडे असलं की टाकी वर राहते आणि लाइन भरलेली राहते. त्यामुळे ही तपासणी सगळ्यात पहिली करा, एक पैसा लागत नाही, दोन रात्री वर तोंड आणि दोन रात्री खाली तोंड. हँडब्रेक नीट ओढा आणि चाकाला दगड लावा. फरक दिसला तर समजा लाइनमध्ये हवा धरतेय. काहीच फरक नसेल तर पुढे वाचा.

दुसरी फुकटची तपासणी, सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. बऱ्याच गाड्यांत सेल्फ फिरत असताना काटा थोडासा तरी वर उठतो, दोनशे-तीनशेच्या आसपास. अजिबात हलत नसेल, आणि एरवी हलायचा हे तुम्हाला माहीत असेल, तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या. इंजिन फिरतंय हेच कॉम्प्युटरला कळत नाही मग तो डिझेल सोडणार कसा. गरम झाल्यावर स्टार्ट न होणाऱ्या गाड्यांत हा सेन्सर मला दोनदा सापडलाय, इंजिन तापलं की तो सिग्नल द्यायचा बंद होतो आणि गार झाला की परत चालतो. त्याचबरोबर मीटरवर चावीचा दिवा लुकलुकतोय का तेही बघा, तसं असेल तर तो इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी रोखायला चावी ओळखणाऱ्या यंत्रणेचा विषय आहे, दुसरी चावी लावून बघा.

आता बॅटरी. डिझेलवाल्यांनी बॅटरीला कधीच हलकं घेऊ नये, कारण कॉमन रेल इंजिनाला (ज्यात सगळ्या नोझलना एकाच सामायिक नळीतून, म्हणजे रेलमधून, दाबाने डिझेल जातं) नुसतं फिरून भागत नाही, ठराविक वेगाने फिरावं लागतं. रेलमध्ये साधारण दोनशे बारच्या (एक बार म्हणजे साधारण एक किलोचा दाब) वर प्रेशर तयार झाल्याशिवाय कॉम्प्युटर नोझल उघडतच नाही. सेल्फ जरा जड फिरला की तेवढं प्रेशर बनत नाही आणि सगळे पंपाला दोष देत बसतात. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या, शेतात मोटरीलाही उपयोगी पडतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, १२.२ च्या खाली असेल तर चार्जिंग करून मगच पुढचं बघा. मग कोणाला तरी सेल्फ मारायला लावा आणि त्या वेळी आकडा बघा, साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी दमलीय नाहीतर टर्मिनल खराब आहेत. चालू गाडीत १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला पाहिजे, नाहीतर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये.

बॅटरी नवीन असून सेल्फ जड असेल तर अर्थची पट्टी बघा. इंजिनापासून बॉडीला जाणारी ती जाळीची पट्टी जुन्या गाडीत हिरवी पडलेली असते. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थ खराब. मेहुण्याने सहा महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या आणि शेवटी पट्टी सोडवून पॉलिश पेपरने घासून परत आवळली एवढ्यावर काम झालं.

एक सांगायचं राहिलं, सेल्फ सलग दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. नाहीतर मूळ आजार राहतो बाजूला आणि सेल्फ जळतो.

यानंतर डिझेल फिल्टर, आणि इथे माझी स्वतःची चूक सांगतो. ट्रॅक्टरसाठी आम्ही ड्रममध्ये डिझेल ठेवतो, एका रात्री पंपावर जायचा कंटाळा केला आणि त्या ड्रममधलं दहा लिटर गाडीत ओतलं. ड्रम पावसाळ्यात शेडमध्ये होता पण झाकण सैल होतं. चार दिवसांनी गाडी झटके द्यायला लागली. फिल्टरच्या खाली पाणी सोडायचा स्क्रू असतो, तो सैल करून अर्धा ग्लास डिझेल पारदर्शक बाटलीत काढलं आणि दहा मिनिटं खिडकीत ठेवलं. खाली दोन बोटं स्वच्छ पाणी, त्यावर पिवळसर डिझेल, आणि मधल्या रेषेवर तपकिरी गाळ तरंगत होता. ट्रॅक्टरचा जुना पंप असलं काही दिवस सहन करतो, कॉमन रेलचा पंप आणि नोझल करत नाहीत, त्यांना वंगण फक्त डिझेलचंच असतं. पाणी गेलं की आतले भाग घासतात, गंजतात. सगळी टाकी उतरवावी लागली आणि फिल्टर नवीन टाकला, पण पंप वाचला. त्यामुळे ड्रमचं डिझेल कारमध्ये नाही आणि रॉकेल तर अजिबात नाही. टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका, रिकाम्या टाकीत थंडीचं पाणी सुटतं. फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरला बदला, मी तर त्याच्या आधीच बदलतो.

फिल्टर बदलताना एक काळजी घ्या, कारण अर्ध्या गाड्यांना हवा धरायला लागते ती फिल्टर बदलल्यानंतरच. जुनी ओ-रिंग, म्हणजे फिल्टरची गोल रबरी सील, तशीच बसवली जाते, नाहीतर नवीन ओ-रिंग पिळवटून बसते. नवीन ओ-रिंगला बोटाने डिझेल लावून बसवा, आणि डिझेलच्या लाइनवर छोटा हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबून हवा काढा. ज्या गाडीत टाकीतच इलेक्ट्रिक पंप आहे तिथे किल्ली ऑन करून पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबा, बंद करा, असं चार-पाच वेळा करा आणि मग सेल्फ मारा.

आता उताराच्या तपासणीत ज्यांना फरक दिसला त्यांच्यासाठी, हवा शोधायची कशी. माझ्या गाडीत इंजिनावरचा पंपच टाकीतून डिझेल ओढतो, म्हणजे ती लाइन ओढीची आहे. ओढीच्या लाइनला फट पडली तर बाहेर डिझेल गळत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते, म्हणून पाइप कोरडाठाक दिसतो आणि सगळे म्हणतात कुठेच लीक नाही. शेतात विहिरीवरच्या मोटरीचा फूटव्हॉल्व किंवा सक्शन पाइप हवा घेतो तेव्हा काय होतं ते आठवा, अगदी तेच. टाकीत पंप असेल तर लाइन दाबाची असते, तिथे मात्र गळती ओली दिसेल, वास येईल.

शोधायला सोपी युक्ती आहे. फिल्टरमधून पंपाकडे जाणाऱ्या कमी दाबाच्या रबरी पाइपाच्या जागी तेवढ्याच मापाचा, डिझेलला चालणारा पारदर्शक पाइप क्लिपा लावून बसवा, वीतभर पुरे. चुकूनही लोखंडी हाय प्रेशर पाइपाला हात लावायचा नाही, फक्त हा रबरी. गाडी चालू करून बघा. सुरुवातीला चार-दोन बुडबुडे येणं ठीक आहे, पण पाच मिनिटांनीही बारीक बुडबुड्यांची माळ चालूच असेल तर हवा डिझेल फिल्टरमधून किंवा त्याच्या मागून येतेय. मग टाकीपासून एकेक जोड तपासत पुढे या. मला नाशिकच्या एका म्हाताऱ्या पंपवाल्या काकांनी हेच सांगितलं होतं, "पंपापासून सुरुवात करू नको, टाकीकडून चालत ये." माझ्या गाडीत फिल्टरच्या तोंडावरचा पाइप कडक होऊन क्लिपच्या खाली केसाएवढा चिरला होता, वाकवल्यावरच दिसायचा. पाइप आणि दोन क्लिपा मिळून दोनशे रुपयांच्या आत काम झालं.

पारदर्शक पाइपात हवा नाही तरी सकाळचा त्रास आहे, तर नोझलच्या डोक्यावरचे, जादा डिझेल परत टाकीकडे नेणारे बारीक रिटर्न पाइप बघा. त्यांच्या प्लास्टिकच्या टी आणि छोट्या ओ-रिंगा उष्णतेने कडक होतात, तिथे ओलसर काळी धूळ चिकटलेली दिसते. गाडी बंद असताना टिश्यू पेपर लावला की लगेच डाग उमटतो. सोडवताना क्लिप जोराने ओढू नका, जुनं प्लास्टिक तुटतं.

थंडीतला पांढरा धूर आणि थरथर असेल तर हीटर प्लग, म्हणजे गार इंजिन चालू करताना आतली हवा तापवणारे प्लग. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची वेळ येते, पारा पाच-सहावर येतो, आणि त्याच वेळी गावातल्या सगळ्या जुन्या डिझेल गाड्या खोकायला लागतात. मुंबई-कोकणात एखादा प्लग मेलेला असला तरी कदाचित कळणारही नाही. प्लगची वायर काढून प्लगच्या टोकापासून इंजिनापर्यंत मल्टिमीटरने ओहम मोजा, एक-दोन ओहमच्या आत पाहिजे, काहीच दाखवत नसेल तर तो प्लग गेला. चारही चांगले असतील तर त्यांचा रिले आणि फ्यूज बघा.

मोजणं तुमचं काम, प्लग काढणं नाही. दोन लाख किलोमीटर एकाच जागी बसलेला प्लग हेडमध्ये तुटला तर हेड उतरवायची वेळ येते. ज्याच्याकडे तुटलेला प्लग काढायचं हत्यार आहे अशाच माणसाकडून, इंजिन गरम असताना काढून घ्या. आणि हीटर प्लग असलेल्या गाडीत हवेच्या पाइपात स्टार्टिंग स्प्रे मारू नका, आत लाल झालेल्या प्लगवर तो पेटतो आणि इंजिन फुटू शकतं. धक्का मारूनही चालू करू नका. माझ्या इंजिनाला टायमिंग चेन आहे, तिला ताठ ठेवणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, बंद इंजिनात तो दाब नसतो, आणि झिजलेली चेन धक्क्याने दात सोडून बसली तर व्हॉल्व पिस्टनवर आदळतात.

इथपर्यंत घरी करायचं. इथून पुढे थांबा.

गरम असताना स्टार्ट होत नाही, सेन्सर ठीक आहे, बॅटरी ठीक आहे, तर बहुतेक नोझल जास्त रिटर्न टाकत असतात नाहीतर पंप झिजलेला असतो, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून निसटतं, रेलमध्ये प्रेशर बनत नाही. हे स्कॅनर लावून सेल्फ मारताना रेल प्रेशर बघितल्याशिवाय कळत नाही. फवारणीचा एचटीपी पंप वीस-तीस किलोला चालतो आणि त्याची नळी सुटली तर काय होतं ते आपण बघितलंय. इथे लोखंडी हाय प्रेशर पाइपात हजार-दीड हजार बार असतात. चालू इंजिनात तो पाइप सैल करून 'डिझेल येतंय का बघू' म्हणणारा मिस्त्री असेल तर गाडी तिथून काढा. ती धार हातमोज्यातून, कातडीतून आत जाते, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते पण बोट कापायची वेळ येऊ शकते. कोणाला लागलीच तर दुखत नसलं तरी लगेच दवाखान्यात न्या आणि डिझेल प्रेशरने आत गेलंय हे डॉक्टरला स्पष्ट सांगा.

डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर गाडी चालवूच नका, टो करून न्या, डिझेल ऑइलमध्ये मिसळलं की बेअरिंग जातात. नोझलच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आणि चुक-चुक आवाज असेल तर खालचा तांब्याचा वायसर गेलाय. वायसर स्वस्त आहे पण अडकलेलं नोझल उपटणं हे ज्याचं त्यानेच करावं. गार इंजिनात पुढच्या बाजूने साखळी खडखडल्यासारखा आवाज येत असेल तर स्टार्टिंगचा विषय बाजूला ठेवा आणि आधी चेन दाखवा.

अशी गाडी नव्याने घ्यायला निघाला असाल तर तुमच्यासाठी थोडं. प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० पासून, मारुतीसारख्या कंपनीने डिझेल बंदच केलं, त्यामुळे बाजारात ज्या स्वस्त डिझेल सेदान आहेत त्या बहुतेक जुन्या आणि भरपूर पळालेल्याच मिळणार. दिल्लीत डिझेलला दहा वर्षांची मर्यादा लागली होती, त्यामुळे तिकडच्याही गाड्या एनओसी (ना-हरकत दाखला) घेऊन आपल्याकडे आल्या. जुनी असणं वाईट नाही, फक्त विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा की मी सकाळी सातला येतो, गाडी चालू करून ठेवू नका. गेल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी परत या. गार असेल तर बोनेट उघडून रिटर्न पाइप ओले आहेत का बघा, मग स्वतः किल्ली फिरवा आणि मित्राला मागे धुराकडे उभं करा. नंतर अर्धा तास चालवून बंद करा, पंधरा मिनिटं थांबून परत स्टार्ट करा. दोन्ही वेळा दोन-तीन सेकंदांत चालू झाली तर पंप-नोझलचा मोठा खर्च बहुतेक लगेच नाही. नाही झाली तर तेवढी रक्कम किमतीतून कमी करा किंवा गाडी सोडा.

शेवटी पंप-नोझलवाल्याकडे जायची वेळ आलीच, तर आठवड्याची ती वही दाखवा आणि आधी चार बाटल्या लावून रिटर्नची तपासणी करायला सांगा. चारही नोझलच्या रिटर्नला एकेक बाटली लावून काही मिनिटं इंजिन चालवतात, जी बाटली बाकीच्यांपेक्षा खूप आधी भरते ते नोझल दोषी. स्वतः उभं राहून बघा. माझ्या चौथ्या वेळी तीन बाटल्यांत बोटभर आणि तिसऱ्या नंबरच्या बाटलीत गळ्यापर्यंत डिझेल होतं, म्हणून चारऐवजी एकच नोझल करावं लागलं. काम झाल्यावर जुना भाग परत मागा, आणि नवीन नोझल टाकलं असेल तर त्याच्या डोक्यावरचा कोड स्कॅनरने गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये टाकला का हे विचारा. बऱ्याच गाड्यांत तो टाकावा लागतो, आणि राहिला तर इंजिन एका जागी नीट चालत नाही आणि तुम्ही परत त्याच दारात.